डिस्चार्ज बुकातील एक ओळ

माजी सैनिकाच्या घरी कोठेही जा. मग ते घर सातारा जिल्ह्यातील असो, गढवालच्या डोंगरउतारावरील असो वा पंजाबातील एखाद्या खेड्यातील असो. एक काळी पत्र्याची पेटी बहुधा दृष्टीस पडते. तिच्यावर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेले असते. पेटीच्या तळाशी, पदकांच्या डबीशेजारी, कापडात गुंडाळलेले एक लहानसे पुस्तक असते. तेच डिस्चार्ज बुक. पुष्कळ घरांत ते पोथीसारखे जपले जाते आणि पोथीसारखेच क्वचित उघडले जाते.

पुरी सेवा करून घरी परतलेल्या जवानाचे त्यावाचून फारसे अडत नाही. परंतु आजारामुळे किंवा दुखापतीमुळे ज्यास मुदतीपूर्वी सेवा सोडावी लागली, म्हणजे जवानांच्या भाषेत जो 'बोर्ड आउट' झाला, त्याची गोष्ट निराळी. त्याच्या घरात पुढील तीस-चाळीस वर्षे काय येणार, हे त्या पुस्तकातील व वैद्यकीय मंडळाच्या कागदातील एखाद-दुसऱ्या ओळीवर अवलंबून असते. आणि नेमका हाच मनुष्य ते कागद हाती घेतो तेव्हा रुग्णालयातून नुकताच उठलेला असतो. मन खचलेले असते, घरी जाण्याची ओढ असते. दाखवाल तेथे तो सही करतो आणि गाडी पकडतो. चूक असेल तर ती त्याच्याबरोबर गावी येते.

चुका दोन प्रकारच्या

ही चूक दुरुस्त करता येते. मात्र ती कोणत्या प्रकारची आहे, हे आधी ओळखावयास हवे. एक असते लेखनिकाची चूक. पत्नीचे नाव 'सुमन'ऐवजी 'सुमान' पडले, धाकट्या मुलाची नोंदच झाली नाही, गावाचे नाव चुकले, असल्या या चुका. दुसरे असते मंडळाचे मत. आजार सेवेमुळे झाला अथवा सेवेमुळे बळावला की नाही, आणि अपंगत्व शेकडा किती, हे वैद्यकीय मंडळ ठरवते. पहिलीस पुरावा दिला की पुरते. दुसऱ्याविरुद्ध अपील करावे लागते. पुष्कळ कुटुंबांची वर्षे वाया जातात ती येथेच. कारण अपिलाच्या जागी विनंती-अर्ज जातो, आणि साध्या नावाच्या दुरुस्तीसाठी वकील गाठला जातो.

नावाची दुरुस्ती

लेखनिकाची चूक सुधारण्याचा अधिकार आपल्या रेजिमेंटच्या अथवा कोरच्या रेकॉर्ड ऑफिसचा, म्हणजे अभिलेख कार्यालयाचा. मराठा लाइट इन्फंट्रीचे हे कार्यालय बेळगावी येथे, महार रेजिमेंटचे सागर येथे, तोफखान्याचे नाशिक रोड येथे, तर सिग्नल दलाचे जबलपूर येथे आहे. नाविकांची कागदपत्रे मुंबईस आणि हवाई सैनिकांची नवी दिल्लीस असतात.

अर्जात नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, सेवा सोडल्याची तारीख, चुकीची नोंद आणि योग्य नोंद इतकेच स्पष्ट लिहावे. सोबत विवाहाचा किंवा जन्माचा दाखला, आधार कार्डाची प्रत आणि जरूर तेथे प्रतिज्ञापत्र जोडावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात हे कागद तपासून घेता येतात व पुढे पाठविण्यासही मदत मिळते. नोंद सुधारली की निवृत्तिवेतनाच्या आदेशासही, म्हणजे पी.पी.ओ.सही, शुद्धिपत्र निघावयास हवे. ज्यांचे निवृत्तिवेतन 'स्पर्श' या संगणकीय व्यवस्थेतून मिळते, त्यांनी तेथील माहितीही पडताळून पाहावी. एक गोष्ट मात्र कदापि करू नये. मूळ पुस्तकात स्वतःच्या हाताने खाडाखोड करू नये. हेतू कितीही शुद्ध असला तरी अशा पुस्तकावर कोणी विश्वास ठेवीत नाही.

हे काम जवानाच्या हयातीतच व्हावयास हवे, असे आम्ही आवर्जून सांगतो. आज त्याची एक सही पुरते. उद्या तो नसेल, तर कुटुंब-निवृत्तिवेतनासाठी त्याच्या पत्नीस ऐन दुःखात 'मीच ती' हे सिद्ध करीत फिरावे लागते.

मंडळाचे मत

दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण म्हणून धरमवीर सिंग यांचा खटला पाहण्याजोगा आहे. १९८५ साली ते सिग्नल दलात शिपाई म्हणून भरती झाले. सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर, १९९४ साली, फेफऱ्याच्या आजारामुळे त्यांना घरी पाठविण्यात आले. अपंगत्व शेकडा वीस ठरले. पण आजाराचा सेवेशी संबंध नाही, असे मत मंडळाने नोंदविले आणि त्या एका वाक्याने अपंगत्व-निवृत्तिवेतन नाकारले गेले. अखेर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. भरतीच्या वेळी ज्याच्या कागदावर आजाराची नोंद नाही तो तेव्हा निरोगी होता असे मानावे, सेवेशी संबंध नाही असे म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करावे, आणि मंडळाने आपल्या मताची कारणे द्यावीत, असे न्यायालयाने सांगितले. मंडळाच्या कागदात तशी कारणे नव्हती.

या निकालाचा आधार पुढे अनेकांस मिळाला. तथापि २१ सप्टेंबर २०२३ पासून पात्रतेचे नवे नियम आले आहेत. म्हणून आपण सेवा केव्हा सोडली ती तारीख पाहून, आपणांस कोणते नियम लागू होतात हे प्रथम विचारून घ्यावे.

मंडळाचे कागद जवळ नसतील तर अपील लिहिता येत नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली दहा रुपये शुल्क भरून आपल्याच वैद्यकीय कागदांची प्रत मागता येते. भरतीच्या वेळची तपासणी, मधल्या काळातील रुग्णालयाचे कागद आणि शेवटचे मंडळ, ही तिन्ही शेजारी ठेवून वाचावीत. मागणी नाकारली गेल्यास आधी खात्यात अपील करावे. तेथेही निराशा झाली, तर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्याचे एक खंडपीठ मुंबईस आहे. अंतिम आदेशानंतर तेथे जाण्याची मुदत सहा महिन्यांची असते.

कारणाचा रकाना

सेवा का सोडली, त्या कारणाचा रकानाही नीट वाचावा. प्रकृतीमुळे निघालेल्या माणसाच्या पुस्तकात 'स्वतःच्या विनंतीवरून' असे शब्द पडले, तर अर्थ पालटतो. १ जानेवारी २००६ पूर्वी अशा रीतीने स्वेच्छेने सेवा सोडलेल्यांस अपंगत्वाचा लाभ देत नसत. ती अट शासनाने २००९ साली काढली. परंतु २०१७ पर्यंत ही सवलत त्या तारखेस वा तिच्यानंतर सेवेत असलेल्यांपुरतीच होती.

विलंबाची किंमत

कागदालाही आयुष्य असते. निवृत्तिवेतन न मिळणाऱ्या शिपायाचे सेवा-अभिलेख पंचवीस वर्षांनंतर नष्ट करण्याची लष्करात रीत आहे. त्यानंतर कितीही खरे सांगितले तरी ते पडताळून पाहावयास हाती काही उरत नाही.

विलंबाने पैसाही जातो. तरसेम सिंग यांस १९८३ साली प्रकृतीच्या कारणाने सेवा सोडावी लागली. ते न्यायालयात गेले १९९९ साली. हक्क मान्य झाला, परंतु २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने थकबाकी दाव्यापूर्वीच्या केवळ तीन वर्षांपुरती मर्यादित केली. मधली तेरा वर्षे गेली ती गेलीच.

आपले नाव बरोबर लिहा, माझा आजार कोठे जडला ते तपासून सांगा, असे म्हणणे म्हणजे याचना नव्हे. ज्याने उन्हातान्हात व बर्फात पहारा केला त्याचा हिशेब चोख ठेवला जावा, इतकेच ते मागणे आहे. बोर्ड आउट झालेल्या जवानास हे मागताना पुष्कळदा संकोच वाटतो. आपण लढाईत जखमी झालो नाही, नुसते आजारी पडलो, मग कोणत्या तोंडाने मागावे, असे त्याचे मन त्यास खाते. घरच्यांनी हा संकोच दूर करावा.

तेव्हा येत्या रविवारी ती पेटी उघडावी. शाळेत जाणाऱ्या मुलामुलीने पुस्तक मोठ्याने वाचावे, आईने नावे व तारखा ताडून पाहाव्यात आणि वडिलांनी आपल्या सेवेची हकीकत सांगावी. चूक सापडली तर त्याच दिवशी अर्ज लिहून त्यावर त्यांची सही घ्यावी. न सापडली, तरी वडिलांनी कोठे कोठे आणि किती वर्षे काढली, हे मुलांस त्या दिवशी कळेल.