सर इव्होर विल्यम्स : जुन्या कवितेचे वय शोधणारा माणूस



कवितेत 'मी' आला की तो 'मी' म्हणजे स्वतः कवीच, असं मुलं पटकन लिहून मोकळी होतात. मोठमोठे अभ्यासकही तसंच समजत होते. वेल्समधील एका प्राध्यापकाने हा समज तपासून पाहिला. त्यांचे नाव सर इव्होर विल्यम्स. (स्पेलिंगमध्ये 'एफ' आहे, पण वेल्श भाषेत एकट्या 'एफ'चा उच्चार 'व्ह' होतो.)

जीवन : जन्म १८८१, उत्तर वेल्समधील बँगोर शहराजवळ ट्रेगार्थ येथे. वडील खाणकामगार. शाळेत असताना अपघातात पाठीला दुखापत झाली आणि काही वर्षे अंथरुणातच गेली. तरी शिक्षण सोडले नाही. पुढे बँगोरच्याच कॉलेजात ते वेल्श साहित्याचे प्राध्यापक झाले. १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले.

कार्य : लिवार्ख हेन नावाचा म्हातारा लढाईत गेलेल्या आपल्या मुलांसाठी शोक करतो, अशा जुन्या वेल्श कविता आहेत. त्या सहाव्या शतकातल्या लिवार्खनेच रचल्या, असे मानले जाई. विल्यम्स यांनी भाषा तपासली आणि १९३५ च्या ग्रंथात सांगितले, की कविता नवव्या शतकाच्या आसपासच्या आहेत. म्हणजे लिवार्ख हा कवी नाही, ते कथेतले पात्र आहे! त्याच्या तोंडी हे बोल कुणा दुसऱ्याच कवीने घातले.

दुसरे काम अनेइरिन या कवीच्या नावावरील वीरकाव्याचे. लढाई साधारण इ. स. ६०० ची, हस्तलिखित मात्र तेराव्या शतकाचे. मग काव्य जुने कशावरून? हस्तलिखितात दोन लेखकांची अक्षरे आहेत. त्यातल्या एकाने काही कडव्यांत खूप जुनी अक्षररचना तशीच उतरवली आहे. म्हणजे त्याच्यासमोर आणखी जुनी प्रत होती. असे धागे जुळवत विल्यम्स यांनी १९३८ मध्ये मांडले, की काव्याचा गाभा खरोखर प्राचीन असावा. अभ्यासक आजही यावर वाद घालतात, पण सुरुवात त्यांच्या ग्रंथापासूनच होते.

विशेष म्हणजे हे दोन्ही ग्रंथ त्यांनी इंग्रजीत नाही, वेल्शमध्ये लिहिले. आपल्या भाषेत कविता होते, तसं संशोधनही होतं, हे त्यांनी करून दाखवलं.

शिक्षक मित्रांनो, पुढची कविता शिकवताना आधी एवढंच विचारा : "यात बोलतंय कोण? आणि हे कशावरून?" दुसरा प्रश्न विसरू नका.