पी.टी.चा तास, मैदानाशिवाय

बीजगणित मोबाइलवर शिकता येतं. पण पी.टी.? २०२० साली शाळा पडद्यावर भरू लागल्या, तेव्हा नववी-दहावीचा ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ हा विषयही घरात येऊन बसला. मैदान नाही, शिट्टी नाही, पाठीवर थाप मारून ‘सरळ हो’ म्हणणारे सर नाहीत. मग शरीराला शिकवणार कोण?

याचं उत्तर सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीच्या इतिहासात शंभर वर्षांपूर्वीच सापडतं!

आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. संस्थान लहान आणि तेही सलग नाही. औंध, आटपाडी, कुंडल असं तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं. पुढे त्याच्या गादीवर आलेले भवानराव पंतप्रतिनिधी ऐन तारुण्यात काय करत होते, माहीत आहे? दूरशिक्षणाने व्यायाम! युजेन सँडो हा त्या काळचा जगप्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू लंडनमध्ये राहायचा. १८९७ मध्ये भवानरावांनी त्याचं पुस्तक आणि व्यायामाचं साहित्य मिळवलं आणि दहा वर्षं नेमाने ते वापरलं. मग मिरजेचे संस्थानिक बाळासाहेब पटवर्धन यांच्या सल्ल्याने ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि सँडोची सगळी साधनं मागे पडली.

राजे झाल्यावर त्यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले, त्यावर पुस्तक लिहिलं, चित्रपटही काढवून घेतला. आणि १९३८ मध्ये लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेलं त्यांचं ‘द टेन-पॉइंट वे टु हेल्थ’ लंडनमध्ये छापून आलं. म्हणजे एक्केचाळीस वर्षांत व्यायामाच्या धड्यांची वाटच उलटी फिरली. लंडनहून औंधला आले होते, आता औंधहून लंडनला निघाले!

पण कागदावरचा व्यायाम अंगात उतरतो कसा? मला तर खरं नवल इथेच वाटतं.

एक नमस्कार सावकाश घालून पाहा. सुरुवातीलाच वाकून तळवे जमिनीला टेकले, की पुन्हा उभं राहीपर्यंत ते जागचे हलत नाहीत. पाय मागे जातात, छाती खाली येते, पाठ कमानीसारखी वळते, कंबर वर उठते, पाय पुढे येतात. तळवे मात्र तिथेच. आता पुढे घेतलेलं पाऊल तळव्यांच्या ओळीत आलं का? नाही आलं, तर कंबर आखडलेली आहे किंवा पाय अर्ध्यावरच थांबला. चूक दाखवायला सर लागत नाहीत, जमीनच दाखवते.

आणि ती चूक तुम्हाला न बघताही कळते! डोळे मिटा आणि गुडघा किती वाकलाय ते सांगा. जवळजवळ अचूक सांगाल. स्नायूंच्या आत ताण मोजणारे सूक्ष्म संवेदक बसलेले आहेत. ते क्षणाक्षणाला मेंदूला वर्दी देतात. तळवे स्थिर असले, की बाकीच्या हालचाली मोजायला मेंदूला एक पक्की खूण मिळते.

श्वासाचंही तसंच. पुढे वाकलं की पोट दाबलं जातं, श्वासपटल वर सरकतं, हवा बाहेर पडते. मागे वाकलं की बरगड्या फाकतात, हवा आत येते. कधी श्वास घ्यायचा, कधी सोडायचा, हे पाठ करायचं कामच उरत नाही. भवानराव प्रत्येक नमस्काराला बीजमंत्र म्हणायला सांगत, ते उगाच नाही. त्यातल्या ‘ह्रां’चा लांब उच्चार पुरा होईपर्यंत घाई करताच येत नाही.

जागा लागते ती एका सतरंजीची. वाढत्या वयात हाडं भार पडला की बळकट होतात, आणि इथे शरीराचा भार पायांबरोबर हातांवरही येतो. अर्थात नमस्कार म्हणजे सगळं नव्हे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते जोरदार हालचाल सांगते. त्यात धावणं, खेळणं हवंच, आणि ते पडद्यापासून दूरच व्हायला हवं.

ऑनलाइन तासाला बसणाऱ्यांनी मात्र एक करावं. मोबाइल समोर न ठेवता बाजूला ठेवावा. समोरून फक्त डोकं आणि खांदे दिसतात. पाठीची कमान, गुडघ्याचा कोन, टाच टेकली की नाही, हे सगळं सरांना बाजूनेच दिसतं.