दोन महिने, नापास आणि पास

केमोच्या डे-केअरमध्ये मी सिस्टर आहे. रामुसिरुमॅबचं सलाईन लावण्याआधी बीपी घेते, लघवीत पट्टी बुडवून प्रथिनं उतरताहेत का ते बघते. हे औषध गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या फुटू देत नाही. त्याचा ताण बीपीवर, मूत्रपिंडावर येतो. गाठीची रसद तोडायची ही कल्पना ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडली.

जठराच्या पसरलेल्या कर्करोगात ती सहजी फळली नाही. ‘अवागास्ट’ चाचणीत ७७४ रुग्ण होते. केमोसोबत बेव्हासिझुमॅब हे असंच रसद तोडणारं औषध घेणारे साधारण १२.१ महिने जगले, नुसत्या केमोवरचे १०.१. गाठी जास्त जणांच्या आकसल्या खऱ्या, पण आयुष्यातला फरक योगायोगाचाही असू शकत होता, म्हणून चाचणी नापास. २०१४ मध्ये ‘रेनबो’चे निकाल छापून आले: पहिली केमो निकामी ठरलेल्या ६६५ जणांत पॅक्लिटॅक्सेलच्या जोडीला रामुसिरुमॅब दिल्यावर ७.४ चे ९.६ महिने झाले; हा फरक निव्वळ योगायोगाचा असण्याची शक्यता कमी होती, म्हणून ही चाचणी पास!

‘सिस्टर, म्हणजे दोन महिने नक्की ना?’

नक्की नाही, काका. ९.६ महिन्यांच्या आत निम्मे जातात, निम्मे पुढे जगतात. खर्च ऐकून काहीजण डॉक्टरांना विचारतात, नुसती केमो चालेल का? मला तो प्रश्न रास्तच वाटतो.