वाद्यवृंद गप्प बसतो तेव्हा

सिनेमा ऐकताना : भाग ६

गेल्या भागात आपण पार्श्वसंगीताची दादागिरी पाहिली. नायिका जिना चढते आहे, पडद्यावर दिसतं ते एवढंच. पण व्हायोलिनं कुरकुरू लागली की वर कुणीतरी दबा धरून बसलंय हे आपण गृहीत धरतो, आणि त्याच जिन्यावर बासरी वाजली की वर तिचा प्रियकर वाट पाहत असणार याची खात्री पटते. घाबरायचं कधी, गहिवरायचं कधी, कुणाची बाजू घ्यायची, हे सगळं वाद्यं परस्पर ठरवून टाकतात. आज प्रश्न उलटा आहे. हे ठरवून देणारं कुणी नसेल तर? पार्श्वसंगीत समजूनउमजून बाजूला ठेवणारे, वेगवेगळ्या काळातले आणि जातकुळीतले चार चित्रपट या भागात घेऊ : एक सामाजिक, एक चोरीचा, एक भयपट आणि एक पाठलागाचा.

आधी एक फरक नीट लक्षात घेऊ. पात्रांना ऐकू येणारं संगीत वेगळं आणि फक्त आपल्याला ऐकू येणारं वेगळं. हॉटेलातला रेडिओ, लग्नातला सनई-चौघडा, देवघरातली आरती हे कथेतलं संगीत. आपण बोलतोय ते दुसऱ्याबद्दल. आपल्याकडे गाणी नसलेला चित्रपट म्हणजे मोठं धाडस समजतात. पण अशा चित्रपटांतही पार्श्वसंगीत सहसा भरपूर असतं.

बोलपट आला तेव्हा हे पार्श्वसंगीत जवळपास नव्हतंच. मूकपटांच्या काळात पडद्यापुढे बसून पेटी-तबला किंवा पियानो वाजवणारी माणसं होती. बोलपटानं त्यांची सुट्टी केली, पण संवाद आणि संगीत वेगवेगळं ध्वनिमुद्रित करून एकत्र मिसळणं सुरुवातीला फार अवघड होतं. आपल्याकडची गाणीही नट चित्रीकरणाच्या वेळीच गात आणि वादक कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे आडोशाला बसत. शिवाय निर्मात्यांना धास्ती होती की खोलीत वाजंत्री दिसत नसताना वाजतंय कुठून, असं प्रेक्षक विचारतील. १९३३च्या ‘किंग काँग’मध्ये मॅक्स स्टायनरनं भरगच्च संगीत दिलं आणि ती धास्ती कायमची संपली.

त्याच्या दोनच वर्षं आधी, १९३१मध्ये, फ्रिट्झ लांग या जर्मन दिग्दर्शकानं आपला पहिला बोलपट केला, ‘एम’. लहान मुलांचे खून करणाऱ्या माणसाची ही गोष्ट. तिच्यात संगीत म्हणून आहे ती फक्त खुन्याची शीळ, ग्रीगच्या ‘पीअर गिंट’मधली एक सुरावट. भूमिका करणाऱ्या पीटर लोरला शीळ वाजवता येत नव्हती, म्हणून ती स्वतः लांगनं वाजवली. खुनी ओळखू येतो तो या शिळेवरून, आणि ओळखणारा असतो फुगे विकणारा एक आंधळा. सगळ्या शहराचे डोळे ज्याला शोधताहेत तो कानाला सापडतो. चित्रपटभर वाद्यवृंद वाजत असता तर ही युक्ती जमलीच नसती. त्या गर्दीत एक शीळ कुणाच्या लक्षात राहिली असती?

लांगच्या वेळी तंत्राची अडचणही होती. पुण्यात प्रभातच्या स्टुडिओत १९३७ साली ‘कुंकू’ उभा राहिला तेव्हा ती सबब उरलेली नव्हती. प्रभातकडे केशवराव भोळ्यांसारखा संगीतकार होता, शांता आपट्यांसारखी गाणारी नायिका होती आणि प्रेक्षक गाण्यांसाठीच तिकीट काढत होते. तरीही व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत काढून टाकलं. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा चित्रपट. अनाथ नीराचा मामा पैशासाठी तिला म्हाताऱ्या विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतो आणि ती हा संसार मानायलाच नकार देते. ती रडून-ओरडून नव्हे, तर त्याच घरात राहून रोज नकार देते.

या घरात ऐकू येतात ते घरातलेच आवाज, आणि त्यात सगळ्यात ठळक आहे भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक. त्या घड्याळाचं आणि केशवराव दात्यांनी उभ्या केलेल्या काकासाहेबांचं वय जणू एकच. काकासाहेब खोलीत एकटे असतात आणि लोलक हलत राहतो. तिथं करुण सारंगी घातली असती तर आपण म्हाताऱ्यासाठी हळहळलो असतो, आणि कर्कश काही वाजवलं असतं तर तो खलनायक झाला असता. घड्याळ यातलं काहीच करत नाही. ते वेळ मोजतं, बस्स. आरशाच्या तुकड्यातुकड्यांतून काकासाहेबांचीच प्रतिबिंबं त्यांना हसतात तो प्रसंग आजही अंगावर येतो. तिथंही टोचतं ते हसू.

गाणीसुद्धा शक्यतो दिसणाऱ्या साधनांवर बेतलेली आहेत. नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते तेव्हा साथीला ग्रामोफोन असतो. साथ कुठून आली, हा प्रश्न विचारायला जागाच ठेवलेली नाही. नव्वदेक वर्षांपूर्वीचा हा काटेकोरपणा आजच्या किती दिग्दर्शकांना झेपेल?

चित्रपटात उणं नाही असं नव्हे. शेवटी काकासाहेब स्वतःला संपवून नीराला मोकळं करतात. नवऱ्याच्या मरणाखेरीज तिच्या सुटकेची दुसरी वाट पटकथेला सुचत नाही, हे आज खटकतंच. पण त्यांच्याबद्दल नेमकं काय वाटून घ्यायचं याचा आदेश चित्रपट देत नाही. नीराची बाजू ठामपणे घेऊनही म्हाताऱ्याला माणूस म्हणून शिल्लक ठेवणं त्याला साधलं आहे, आणि त्याचं बरंचसं श्रेय मी गप्प बसलेल्या वाद्यांना देतो.

पुढचा चित्रपट १९५५चा फ्रेंच ‘रिफिफी’. दिग्दर्शक जूल्स दासँ मूळचा अमेरिकन. कम्युनिस्ट ठरवून हॉलिवूडनं त्याला काळ्या यादीत टाकलं, कामं बंद झाली आणि तो युरोपात आला. पॅरिसमधल्या एका जवाहिऱ्याचं दुकान चार जण फोडतात, एवढीच गोष्ट. चोरीचा प्रसंग साधारण अर्धा तास चालतो आणि त्यात ना संवाद, ना संगीत. वरच्या मजल्यावरची जमीन फोडून खाली उतरायचंय. आधी एक छोटं भोक पडतं, त्यातून मिटलेली छत्री खाली सरकवली जाते आणि आत गेल्यावर उघडली जाते, म्हणजे पडणारा चुना-माती तिच्यात झेलली जाईल आणि आवाज होणार नाही. धोक्याच्या घंटेत आग विझवायच्या नळकांड्यातला फेस भरून तिचा गळा दाबला जातो. मध्येच एकाचा हात चुकून पियानोच्या पट्टीला लागतो. एकच सूर, पण चौघं जागच्या जागी थिजतात आणि त्यांच्याबरोबर आपणही.

या प्रसंगामागचा किस्सा ऐकण्यासारखा आहे. ‘रोमन हॉलिडे’ला संगीत देणारा जॉर्ज ऑरिक इथं संगीतकार होता. या अर्ध्या तासासाठी काहीच नको, असं दासँ म्हणाला, तेव्हा ऑरिकला तो वेडेपणा वाटला. त्यानं दिग्दर्शकाच्या भल्यासाठी म्हणून संगीत लिहून ठेवलं. दासँनं त्याला तो भाग दोन्ही प्रकारे दाखवला. दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर संगीत काढून टाका, असं खुद्द ऑरिकनंच सांगितलं. आपण लिहिलेलं आपणच फेकायला सांगणारा संगीतकार विरळाच.

त्या शांततेनं काय साधलं? चोर बोलत नाहीत कारण बोलले तर पकडले जातील. म्हणजे गप्प राहणं ही त्यांची गरज आहे, दिग्दर्शकाची हौस नाही. आणि संगीत नसल्यामुळे आपलं लक्ष त्यांच्या हातांवर खिळतं. सुतार किंवा घड्याळजी काम करताना पाहावं तसं आपण हे काम पाहत बसतो आणि नकळत त्यांच्या टोळीत सामील होतो. चोरीनंतरचा भाग मात्र ठरावीक सूडाच्या वळणानं जातो, आणि बायकांशी यातले पुरुष जसे वागतात ते पाहवत नाही. पण ‘रिफिफी’ आजही पाहिला जातो तो त्या अर्ध्या तासासाठी. कान महोत्सवात दासँला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं ते त्याच वर्षी.

भयपटाचं पोट तर संगीतावरच चालतं. मग आल्फ्रेड हिचकॉकनं १९६३च्या ‘द बर्ड्‌स’मध्ये ते का नाकारलं? हे कोडं अधिक गुंतागुंतीचं आहे, कारण तीनच वर्षांपूर्वी ‘सायको’मध्ये न्हाणीघरातला खून संगीताशिवाय दाखवायचा त्याचा विचार होता. संगीतकार बर्नार्ड हरमननं ऐकलं नाही, किंचाळणारी व्हायोलिनं लिहून आणली, आणि हिचकॉकनं हार मानली. आज तो प्रसंग व्हायोलिनांवाचून आठवतच नाही. ‘द बर्ड्‌स’साठी हाच हरमन पुन्हा आला, पण ध्वनी-सल्लागार म्हणून, एक ओळसुद्धा संगीत न लिहिता! पक्ष्यांचे चीत्कार आणि पंखांची फडफड बर्लिनच्या ऑस्कर सालानं ट्राउटोनियम या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर तयार केली. म्हणजे वाद्य होतं, पण ते पक्ष्यांच्या वेषात आलं.

यातला सर्वात भेदक प्रसंग मात्र या आवाजांचाही नाही. नायकाची आई शेजारच्या शेतकऱ्याच्या घरी जाते. हाका मारते, उत्तर नाही. स्वयंपाकघरात तिला दिसतं की आकड्यांना कपांचे नुसते कान लोंबताहेत. कप फुटून गेलेत. ती आतल्या खोलीकडे जाते, प्रेत पाहते आणि धावत बाहेर येते. तोंड उघडतं, पण त्यातून आवाज निघत नाही. तिच्याऐवजी किंचाळायला व्हायोलिनंही हजर नाहीत. ‘सायको’त जे काम वाद्यांनी केलं ते इथं आपल्याच घशाला करावं लागतं. चित्रपटाचा पहिला भाग प्रेमकथेत रेंगाळतो, ते आज कंटाळवाणं वाटू शकतं. पण पक्षी हल्ला का करतात याचं कारण शेवटपर्यंत न सांगणाऱ्या गोष्टीला संगीत नसणंच शोभतं, कारण संगीत हाही एक खुलासाच असतो.

चौथा चित्रपट कोएन बंधूंचा, २००७चा ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’. कॉर्मॅक मॅकार्थी यांच्या कादंबरीवर बेतलेला, १९८०च्या टेक्ससमध्ये घडणारा. पैशाची बॅग घेऊन पळालेला मॉस एका जुन्या हॉटेलात उतरतो आणि नोटांत लपवलेलं, ठावठिकाणा कळवणारं यंत्र त्याला सापडतं. तो खाली फोन करतो. घंटी वाजत राहते, कुणी उचलत नाही. मग पावलं येतात. दाराखालच्या उजेडाच्या पट्टीत दोन पायांची सावली उमटते आणि सरकून निघून जाते. सुटकेचा श्वास टाकावा तेवढ्यात कुरकुर ऐकू येते. कुणीतरी बाहेरचा दिवा फिरवून काढतंय. उजेडाची पट्टी विझते. इतकंच.

इथं संगीत असतं तर मागावर असलेला खुनी किती जवळ आला हे त्यानं मॉसच्या आधी आपल्याला सांगितलं असतं. ते नसल्यामुळे आपल्याला मॉसपेक्षा कणभरही जास्त कळत नाही आणि त्याच्यासारखेच आपण दाराला कान लावून बसतो. संगीतकार कार्टर बर्वेलचं काम या चित्रपटात अगदी मोजकं आहे. पेट्रोल पंपावर खुनी नाणं उडवून म्हाताऱ्याच्या जिवाचा निकाल लावतो, त्या प्रसंगाखाली एक सूर आहे, पण तो फ्रिजच्या घरघरीशी असा जुळवलाय की संगीत म्हणून ओळखूच येत नाही. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर याला मिळाले. आवाजाच्या दोन्ही विभागांत नामांकन होतं, पुरस्कार मात्र एकही नाही. पाठलागाची गोष्ट असूनही शेवटची झटापट हा चित्रपट दाखवतच नाही, म्हणून कित्येकांना फसवल्यासारखं वाटतं. मला तो शेवट पटतो, कारण आधीपासूनच त्यानं आपल्याला हवं ते हवं तेव्हा द्यायचं नाकारलेलं असतं.

मग पार्श्वसंगीत नसलेला चित्रपट श्रेष्ठ का? अजिबात नाही. ‘लाइफबोट’च्या वेळचा एक किस्सा सांगतात. भर समुद्रात संगीत येणार कुठून, अशी शंका हिचकॉकनं काढली. ती कानावर आल्यावर डेव्हिड रॅक्सिन या संगीतकारानं उलट निरोप धाडला : तिथं कॅमेरा कुठून आला ते आधी सांगा. उत्तर बिनतोड आहे. सिनेमात सगळंच रचलेलं असतं, शांतताही.

आपल्याच अलीकडच्या दोन चित्रपटांत हे लख्ख दिसतं. चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) कथेबाहेरचं संगीत जवळजवळ नाहीच, संभाजी भगतांची शाहिरी आहे ती मंचावर, लोकांसमोर. त्यामुळे तारखांमागून तारखा पडताना आपल्याला संताप येतो तो आपला स्वतःचा असतो. दुसऱ्या टोकाला ‘सैराट’ (२०१६). अजय-अतुल यांनी त्याचं सिम्फनीच्या वळणाचं संगीत थेट हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलं. एवढा वाद्यवृंद वाजवून नागराज मंजुळे शेवटच्या प्रसंगात सगळा आवाजच काढून घेतात. ती शांतता बोचते कारण त्याआधी दोन-अडीच तास आपण सुरांच्या अंगाखांद्यावर खेळलेलो असतो. ‘कोर्ट’नं संगीत दिलंच नाही आणि ‘सैराट’नं देऊन काढून घेतलं, दोघांनीही त्याची किंमत ओळखली होती.

म्हणून या आठवड्यात एक करून पाहा. तुमच्या आवडत्या चित्रपटातला गहिवर आणणारा प्रसंग निवडा आणि एकदा आवाज पूर्ण बंद करून बघा. तरीही गहिवरून आलं तर श्रेय नटांचं आणि दिग्दर्शकाचं. नाही आलं तर तुम्हाला रडवत कोण होतं ते कळेल.

पुढच्या भागात : गाण्यांवाचून चाललेले हिंदी चित्रपट. ‘कानून’ (१९६०) आणि ‘इत्तेफाक’ (१९६९).