रात्रभर जागून सकाळी ध्यान केलं, तर झोप भरून निघते का?

आमच्या लॅबमध्ये एम.एस्सी. प्रोजेक्टला आलेला एक मुलगा हल्ली चार तास झोपतो. सबमिशन जवळ आलंय. काळजीने विचारलं तर म्हणाला, "दादा, सकाळी चाळीस मिनिटं मेडिटेशन करतो ना, कव्हर होतं. पेपर आहे त्यावर." मग रात्री दोनला तो बाईकवरून खोलीवर जातो. म्हणून म्हटलं, तो पेपर एकदा नीट वाचूया.

पेपर खरंच आहे. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातल्या कौल, ओ'हारा आणि सहकाऱ्यांचा, २०१० सालचा, 'बिहेवियरल अँड ब्रेन फंक्शन्स' या जर्नलमधला. ध्यानात नवख्या अशा दहा जणांची त्यांनी पीव्हीटी, म्हणजे सायकोमोटर व्हिजिलन्स टास्क घेतली. ही टेस्ट दिसायला अगदी बाळबोध आहे. स्क्रीनवर खूण दिसली की बटण दाबायचं, बस. खूण २ ते १० सेकंदांत कधीही येते आणि हे सगळं १० मिनिटं चालतं. ताजातवाना माणूस साधारण पाव सेकंदात बटण दाबतो. अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागला तर त्याला 'लॅप्स' म्हणतात. झोप कमी पडली की आधी हे लॅप्स वाढतात. टेस्ट कंटाळवाणी आहे, आणि मुद्दामच तशी केलेली आहे. रंजक कामात झोपाळू माणूससुद्धा तासभर तग धरतो, अशा एकसुरी कामात त्याचं पितळ उघडं पडतं. शिवाय ती पुन्हा पुन्हा दिल्याने सरावाने स्कोअर फारसा सुधारत नाही, त्यामुळे आधी-नंतर तुलनेला बरी.

टेस्टच्या मध्ये चाळीस मिनिटं काहीतरी करायचं: कधी साधी कंट्रोल ॲक्टिव्हिटी, कधी डुलकी, कधी ध्यान. चौथी परिस्थिती होती रात्रभर जागरण आणि मग ध्यान. ध्यानानंतर लगेच घेतलेल्या टेस्टमध्ये प्रतिक्रिया सुधारली. डुलकीनंतर मात्र लगेचची कामगिरी खालावली. दुपारी झोपून उठल्यावर आपण जे भंजाळलेले असतो, त्याला स्लीप इनर्शिया म्हणतात. ती उतरायला वेळ लागतो, म्हणून तासाभराने पुन्हा टेस्ट घेतली होती. नुसता पहिला आकडा बघून "ध्यान डुलकीपेक्षा भारी" म्हणणं डुलकीवर अन्याय आहे.

आता आपल्या मित्राचा दावा ज्या चौथ्या परिस्थितीवर उभा आहे ती बघा. जागरण अधिक ध्यान आहे, पण जागरण अधिक नुसतं बसणं कुठे आहे? जागरण अधिक डुलकी? ती तुलना नसेल तर जागलेल्या माणसाला ध्यानाने फायदा झाला की चाळीस मिनिटं डोळ्यांना आराम मिळाल्याने, हे वेगळं कसं करणार? त्यात माणसं दहाच. आणि आपण ध्यान करतोय हे करणाऱ्याला माहीत असतंच, गोळीसारखा प्लासिबो इथे देता येत नाही. लेखकांनी हे लपवलेलं नाही. ध्यानाने झोपेचं कर्ज खरंच फिटतं का, याचा तपास अजून चालू आहे, असं त्यांनी ॲब्स्ट्रॅक्टमध्येच लिहिलंय. पण ते वाक्य शेवटी आहे, आणि शेवटपर्यंत वाचतो कोण!

दुसरा भागही लोक उत्साहाने सांगतात: वर्षानुवर्षं, रोज काही तास ध्यान करणारे लोक त्याच वयाच्या ध्यान न करणाऱ्यांपेक्षा कमी झोपतात. मान्य. पण ही एकाच वेळी घेतलेली तुलना आहे. ध्यानामुळे झोप कमी लागते, की मुळात कमी झोप पुरणारी माणसंच पहाटे चारला उठून ध्यानाला बसू शकतात? इगतपुरीला दहा दिवसांचा विपश्यना कोर्स केलेल्यांना विचारा, चारची घंटा प्रत्येकाला झेपतेच असं नाही.

ध्यानाचा झोपेवर परिणामच नाही, असं मी म्हणत नाहीये. बंगळुरूच्या निम्हान्समधल्या अभ्यासांत जुन्या विपश्यना साधकांमध्ये, वय वाढल्यावर एरवी घटणारी गाढ झोप, म्हणजे स्लो वेव्ह स्लीप, बरीच टिकून असलेली दिसली. २०१५ साली 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये ४९ वयस्क लोकांवरची एक रँडमाइज्ड ट्रायल आली. त्यात माइंडफुलनेस शिकलेल्यांची झोप, झोपेच्या सवयींचे धडे घेतलेल्यांपेक्षा जास्त सुधारली (मोजमाप प्रश्नावलीने, हे लक्षात ठेवा). पण हे पुरावे झोप चांगली होण्याचे आहेत. झोपेला पर्याय मिळाल्याचे नाहीत.

आणि "मला तर फ्रेश वाटतं" याचं काय? व्हॅन डाँगेन, डिंजेस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ४८ निरोगी लोकांवर प्रयोग केला. त्यातल्या काही गटांना सलग १४ दिवस रोज चार किंवा सहाच तास झोप दिली. पीव्हीटीची कामगिरी दिवसागणिक घसरत गेली, पार एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांच्या पातळीला. झोपाळूपणाची स्वतःची जाणीव मात्र सुरुवातीला वाढून पुढे जवळजवळ तिथेच थांबली. म्हणजे आपण किती मंदावलोय हे आपल्यालाच कळत नाही. हे मी त्या मुलाला दाखवलं, तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला. हल्ली रात्री उशीर झाला तर बाईक इथेच ठेवून दुसऱ्या कोणाबरोबर जातो. झोप अजून चारच तास.

प्रयोग तुम्हाला आखायचा असेल तर जागरणाच्या रात्रीनंतर ध्यान, डुलकी आणि नुसतं डोळे मिटून बसणं, अशा तिन्ही अटी प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी, क्रम बदलून द्या. टेस्ट लगेच, तासाभराने आणि संध्याकाळी पुन्हा घ्या. आणि डोक्याला ईईजी लावाच. रात्रभर जागलेला माणूस डोळे मिटून मांडी घालून बसला की तो ध्यान करतोय की बसल्या बसल्या डुलक्या घेतोय, हे बाहेरून कळत नाही.