एक हजार तबकड्यांचा हिशेब

कर्ज मागायला आलेल्या माणसाला बँकेत पहिला प्रश्न विचारला जातो, ‘तारण काय?’ पस्तीस वर्षं मीही तोच प्रश्न विचारत आलो. घर, शेत, दागिने, पगाराचा दाखला... उत्तरं ठरलेली असायची. निवृत्तीनंतर मुलीमुळे ‘टायगरमिल्क’ नावाचा इंग्रजी गाण्यांचा अल्बम कानावर पडला. तो कसा तयार झाला हे वाचल्यावर मनात आलं, या मंडळींचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता, तर तारणाच्या रकान्यात मी काय लिहिलं असतं?

गोष्ट स्कॉटलंडमधल्या ग्लासगोची. जहाजं बांधणारं हे शहर. पुढे ते कारखाने बंद पडत गेले आणि बेकारी वाढली. तिथला स्टुअर्ट मर्डॉक हा तरुण ऐन विशीत दीर्घ थकव्याच्या आजारानं अंथरुणाला खिळला. शिक्षण नाही, नोकरी नाही, अशी सुमारे सात वर्षं गेली. या सक्तीच्या रिकामपणात तो गाणी रचायला लागला. थोडं बरं वाटू लागल्यावर बेकारांसाठीच्या संगीताच्या एका प्रशिक्षण वर्गात त्याला स्टुअर्ट डेव्हिड हा साथीदार भेटला. हळूहळू आणखी वादक जमले. फ्रेंच लेखिका सेसिल ओब्री यांच्या एका मुलाच्या आणि त्याच्या कुत्रीच्या गोष्टीवरून बँडचं नाव पडलं, ‘बेल अँड सेबॅस्टियन’.

त्याच शहरातल्या स्टो कॉलेजात संगीत-व्यवसायाचा अभ्यासक्रम होता. नुसत्या पुस्तकांवर भागत नसे. विद्यार्थ्यांनी एखाद्या बँडची तबकडी खरोखर काढायची, वेष्टनापासून विक्रीपर्यंत सगळं स्वतः पाहायचं. त्यासाठी कॉलेजचं ‘इलेक्ट्रिक हनी’ हे लेबलही होतं. शिकवायला ‘असोसिएट्स’ या गाजलेल्या गटातले ॲलन रँकिन होते. एरवी एक-दोन गाण्यांवर काम भागे. पण या बँडकडे गाण्यांचा साठाच होता. म्हणून १९९६मध्ये पुरा दहा गाण्यांचा अल्बम करायचं ठरलं. ध्वनिमुद्रणाला आठवडाही लागला नाही. जूनमध्ये तबकड्या निघाल्या, मोजून एक हजार.

गाणी कशी? गिटार, पियानो, चेलो, मध्येच ट्रम्पेट. आणि शेजाऱ्याची झोप मोडू नये इतक्या हळू आवाजातलं गाणं. शाळेत एकटी पडलेली, वर्गात मागे बसणारी मुलं त्यांत भेटतात. खिडकीशी पडून वर्षानुवर्षं जग पाहणाऱ्यालाच ती अशी दिसणार.

हजार तबकड्या संपल्या. मग लोकांनी कॅसेटवर उतरवून घेतल्या, मित्रांना दिल्या, त्या मित्रांनी पुढे. मूळ तबकडीला जुन्या बाजारात शेकडो पौंड मोजले जाऊ लागले. त्याच नोव्हेंबरात ‘जीपस्टर’ या छोट्या कंपनीनं बँडचा दुसरा अल्बम काढला. १९९९मध्ये ब्रिट पुरस्कारांत त्यांना नवोदितांचा मान मिळाला. नवोदित! तोवर त्यांचे तीन अल्बम होऊन गेले होते. त्याच वर्षी ‘टायगरमिल्क’ पुन्हा निघाला आणि पहिल्यांदाच सगळ्यांना सहज मिळू लागला.

स्टो कॉलेज २०१३मध्ये दुसऱ्या दोन कॉलेजांबरोबर एकत्र झालं, ते आता ग्लासगो केल्विन कॉलेज या नावानं ओळखलं जातं. रँकिन २०२३मध्ये गेले. बँड मात्र टिकून राहिला.

यात दानशूर कोणी नव्हतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. कॉलेजनं फक्त आपला अभ्यासक्रम नीट चालवला. हजारच प्रती काढल्या, त्यामुळे बुडालं असतं तरी फारसं बुडालं नसतं. बँकेच्या भाषेत जोखीम आवाक्यातली होती. आणि तारण? ती वाया गेलेली वाटणारी सात वर्षं. तसा रकाना आमच्या कुठल्याच छापील अर्जात नव्हता. घरात आजारपणानं किंवा अपयशानं मागे पडलेला एखादा मुलगा, एखादी मुलगी असेल, तर घरच्यांनी तरी तो आखून घ्यायला हरकत नाही.