प्रौढ कुत्र्यासाठी घर शोधताना

अपघातातून वाचवलेल्या किंवा मालकांनी सोडून दिलेल्या कुत्र्यांपैकी पिल्लांना घरे लवकर मिळतात आणि प्रौढ कुत्रे मात्र निवाऱ्यात मागे राहतात, याचे एक कारण म्हणजे मोठा झालेला कुत्रा नव्या माणसांचा लळा लावून घेत नाही, हा रूढ समज होय. जन्मानंतरच्या साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यांत पिल्लू माणसे, आवाज व इतर प्राणी यांना सहज सरावते आणि हा काळ पुन्हा येत नाही, हे खरे असले तरी त्यानंतर शिकणे थांबते असे नाही. उलट, गावठी पिल्लू पुढे केवढे होईल व कसे वागेल याचा केवळ अंदाजच करावा लागतो, तर प्रौढ कुत्र्याचा आकार आणि स्वभाव समोर असतो.

मात्र वाचवलेल्या प्रत्येक कुत्र्याला घर हवेच असते, असेही नाही. प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ नुसार रस्त्यावरच्या कुत्र्याचे निर्बीजीकरण, म्हणजे प्रजननक्षमता बंद करणारी शस्त्रक्रिया, आणि रेबीजविरोधी लसीकरण करून त्याला सामान्यतः मूळ जागीच सोडले जाते, आणि आपल्या गल्लीत रुळलेल्या धडधाकट कुत्र्याला चौथ्या मजल्यावरची सदनिका सुखाची वाटेलच असे नाही. घराची खरी निकड असते ती अपंग, वृद्ध आणि टाकून दिलेल्या पाळीव कुत्र्यांना. विनाकारण प्राणी टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा असूनही असे कुत्रे सापडतच राहतात.

घर शोधण्यापूर्वी लसी, निर्बीजीकरण आणि गोचिडांमुळे होणाऱ्या तापाची रक्ततपासणी उरकावी लागते. परंतु त्याहून मोलाचे असते ते तात्पुरत्या पालकाकडचे, म्हणजे कायमचे घर मिळेपर्यंत कुत्र्याला स्वतःच्या घरी ठेवणाऱ्या माणसाकडचे, निरीक्षण. पिंजऱ्यामागे सतत भुंकणारा कुत्रा घरात शांत असू शकतो आणि निवाऱ्यात गरीब वाटणारा कुत्रा खाण्याच्या भांड्याजवळ कोणी आले की गुरगुरू शकतो. तो एकटा राहतो का, मांजरामागे धावतो का, मुलांच्या गडबडीने बिथरतो का, या नोंदी इच्छुक कुटुंबाला जशाच्या तशा सांगणे आवश्यक आहे. केविलवाणे छायाचित्र आणि ‘फार प्रेमळ आहे’ एवढ्या मजकुरावर दिलेला कुत्रा महिन्याभरात परत येण्याचा धोका मोठा असतो, आणि त्याचा दोष एकट्या कुटुंबाला देता येत नाही.

कुटुंबाचीही चौकशी व्हावी लागते: दिवसा घरी कोण असते, गच्चीला जाळी आहे का, घरमालकाची संमती आहे का. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाने भटका कुत्रा दत्तक घेण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली, तशीच तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारीही अर्जदारावर टाकली.

नव्या घरी भीती ओसरायला सुमारे तीन दिवस, दिनक्रम उमजायला तीन आठवडे आणि घर आपले वाटायला तीन महिने लागतात, असा एक ढोबळ आडाखा कार्यकर्त्यांमध्ये प्रचलित आहे. पहिल्या दिवसांत कुत्रा निसटून हरवण्याची भीती अधिक असल्याने गळपट्ट्याबरोबर छातीचा पट्टाही बांधणे, पाहुणे टाळणे आणि न खाल्लेले अन्न मुकाट्याने उचलून ठेवणे इष्ट ठरते. इतके करूनही जुळले नाही, तर कुत्रा परस्पर तिसऱ्या माणसाला न देता मूळ संस्थेकडेच परत करावा, ही अट करारपत्रात असावी. कारण परत आलेल्या कुत्र्याविषयी, तो त्या घरात कशाने बिचकला, ही एक नवी नोंद पुढच्या कुटुंबासाठी हाती आलेली असते.